खटक्यावरचं खोटं

कापलेल्या धानाचा वास नाकात शिरला की माझ्या उजव्या हाताची दोन बोटं आपोआप वाजायला लागतात. टेबलावर, मोटरसायकलच्या टाकीवर, एसटीत असेन तर पुढच्या सीटच्या दांडीवर. परवा तर शेजारी बसलेल्या माणसाच्या गुडघ्यावरच वाजायला लागली. माणूस चांगला पहिलवान, मिशा अशा की त्यांवर दोन पोपट बसावेत. म्हणाला, "क्यूँ भैया, तबला सीख रहे हो क्या?" मी म्हटलं, "नाही हो, तुमच्या गुडघ्यावरून जपानला निरोप पाठवून राहिलो." त्याला गोंदियाला जायचं होतं. तो पुढच्याच फाट्यावर उतरला.

दिवाळी सरून आठ दिवस झालेत. गोरेगावच्या चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, पिवळ्याधमक पडल्यात. काहींत हार्वेस्टर हत्तीसारखा घुसलाय, काहींत अजून बाया ओळीनं वाकून विळे चालवताहेत, आणि कापलेल्या धानाच्या कडपा जमिनीवर उन्हात वाळत पडल्यात. गावोगाव मंडईचे फलक लागलेत. मंडई म्हणजे आमच्याकडं दिवाळीचं खरं शेपूट. ज्या गावची मंडई, त्या गावच्या घराघरात पाहुणे. दुपारी बाजार, उसाच्या मोळ्या, उकडलेले शिंगाडे, आणि मग दंडारीच्या नाचगाण्याची ढोलकी. वर्षभर न भेटणारा माणूस मंडईला भेटतो. न बोलणारासुद्धा बोलतो. सासुरवाशिणी, मामे, साळे, सगळे जमतात. एका मंडईला आमच्या घरी इतके पाहुणे आले होते की शेवटचे चौघे भिंतीवरच्या खुंट्यांना लटकून जेवले.

गेली तीन वर्षं मात्र हा हंगाम आला की मला घरात बसवत नाही आणि बाहेरही फिरवत नाही. बाजारातून दोन उसाच्या कांड्या घेतो, परत येतो, आणि त्या कोपऱ्यात सुकून जातात.

मोर्स म्हणजे काय, असं लोक अजून विचारतात. सोपं आहे. एक आखूड आवाज, एक लांब. डिट आणि डा. एवढ्या दोन दाण्यांत जगातली सगळी अक्षरं शिजवायची. पूर्वी तार याच आवाजात जायची. आता तार गेली, तारवाले गेले, पण बिनतारी यंत्रावर छंद म्हणून बोलणारी माणसं जगभर आहेत, आणि त्यांतली दोन या जिल्ह्यात. एक मी. माझं गोरेगावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. आता त्याच दुकानात मी मोबाइलची कव्हरं विकतो, पण पाटीवर रेडिओ तसाच ठेवलाय. दुसरा डोमाजी, दरेकस्याचा.

डोमाभाऊ माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. त्याची थोरली बहीण सुगरताबाई आमच्या भिंतीला भिंत लावून राहायची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. डोमाभाऊ लहान असताना त्यांची आई गेली, तेव्हा या बाईनंच त्याला कडेवर घेऊन वाढवलं होतं. तो तिला बाई म्हणायचा म्हणून मीही बाईच म्हणायचो, आणि आमचं अर्धं गावही. तरुणपणी डोमाभाऊ दरेकसा स्टेशनात हमाल होता. मास्तरांच्या खोलीत तारेचं यंत्र दिवसभर कट्ट-गट्ट करायचं. याला कोणी शिकवलं नाही. फरशी झाडता झाडता ते याच्या कानात गेलं आणि तिथंच घर करून राहिलं.

मला ते कळलं एका मंडईला. मी बाईच्या दारात उभा, हा आत जेवण उरकून चमच्यानं स्टीलचा गिलास वाजवत बसलेला.

"काय वाजवून राहिले भाऊ?"

"तुवा नाव."

"माझं नाव असं वाजते?"

"तुवा तोंड लय वाजते बे. नाव तं कमीच वाजते."

बाई इतकी हसली की तिला ठसका लागला. त्या गिलासानं माझा निकाल लावला. मी करवतीच्या तुटक्या पात्याचा मोर्स वाजवायचा खटका केला, खाली घासलेलं नाणं, मागं जुन्या रेडिओतला भोंगा. सकाळ-संध्याकाळ डिट-डा. महिन्याभरात असं झालं की माझी बायको कमल विळीवर कांदा चिरायला लागली की मला अक्षरं ऐकू यायची. एकदा तिनं कांदा चिरता चिरता मला चक्क शिवी दिली. मी म्हटलं, "काय बोललीस?" म्हणते, "मी तं तोंडही नाही उघडलं." पण मी ऐकली होती, शेवटचं अक्षरसुद्धा लांब ओढलेलं.

बिनतारी यंत्र चालवायच्या परवान्याची परीक्षा द्यायला आम्ही दोघं नागपूरला गेलो. सगळी कॉलेजची पोरं, त्यांच्यात हा साठीचा माणूस, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. खटक्याला हात लावला आणि पोरांची तोंडं उघडीच राहिली. साहेब म्हणाले, "बाबा, जरा हळू, आम्हांला लिहायचं आहे." हे मात्र जसं घडलं तसं सांगतोय.

मग मी जुने भाग जोडून दोन यंत्रं तयार केली. एक त्याच्याकडं, एक माझ्याकडं. माझ्या आणि बाईच्या अंगणांवरून एरियलची उंच तार ताणली. बाईनं पहिल्याच दिवशी तिच्यावर बांबूच्या काठीनं ओलं लुगडं वाळत घातलं. त्या संध्याकाळी दरेकस्याला माझा आवाज ओला पोचला. पुढं कधी सिग्नल इतका जोरात जायचा की घाटातल्या मालगाडीचं इंजिन आपोआप शिट्टी द्यायचं.

डोमाभाऊची वाडी डोंगराच्या आत. मोबाइलला तिथं रेंज नाही. रेंज पाहिजे तर स्टेशनापर्यंत चालत जावं लागतं. म्हणून रोज संध्याकाळी सहाला आम्ही यंत्रावर भेटायचो. मोबाइलवर पोरं जशी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात तशी आमची मराठी जायची, एकेक अक्षर. तिकडचा पाऊस, इकडचा बाजार, आणि शेवटी त्याचा ठरलेला सवाल: बाई कशी? मी भिंतीवरून ओरडायचो, "बाई, भाऊ विचारून राहिला!" ती तिकडून ओरडायची, "सांग, जित्ती हाय म्हना!" आणि मी तेच पाठवायचो.

पहिल्याच आठवड्यात मी हौसेनं एक वाघ पाठवला होता. चोरखमाऱ्याच्या तलावावर पाणी प्यायला आलेला, बारा फुटी. डोमाभाऊनं लगेच थांबवलं. पुढच्या वेळी गोरेगावला आला तेव्हा माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसून म्हणाला, "पाय गपाड्या. तोंडानं काय फेकाचं ते फेक, मीबी हासतो. पन खटक्यावर फेकाचं नाई. एकेका अक्षराले मेहनत लागते. एवढी मेहनत करून कोनी खोटं बोलते का?" मी कबूल झालो. आणि खरंच, खटक्यावर फेकणं कठीणच. तोंडातला बारा फुटी वाघ बोटांतून उतरेपर्यंत कोल्हा होऊन जातो. मला पन्नास वर्षांत कोणी खरं बोलायला लावू शकलं नव्हतं, बापानं नाही, मास्तरांनी नाही. त्या करवतीच्या पात्यानं लावलं. गावात माझ्या शब्दावर कोणी चहासुद्धा पाजत नव्हतं; पण साठ-सत्तर किलोमीटरवर एक माणूस होता, जो माझ्या बोटांवर डोळे मिटून विश्वास ठेवत होता. त्याची मला केवढी मिजास होती, काय सांगू.

आणि मग तीन वर्षांमागचा हा हंगाम.

गोरेगावच्या मंडईला पाच-सहा दिवस होते. बाईच्या पायांना सूज आली, चार पावलांत धाप लागायला लागली. डॉक्टर घरी येऊन गेले. हृदय थकलंय, गोंदियाला न्या, म्हणाले. बाई म्हणाली, "मी नाई जात. मंडई तोंडावर हाय, मी कायले जाऊ?" डॉक्टर गेल्यावर तिनं मला जवळ बोलावलं. हात बर्फासारखा.

"बापू, डोमाले नोको सांगू."

"काऊन बाई?"

"त्याचा धान कापून बांधीत पडला हाय. वर आभाळ भरून हाय. तो इथं येऊन बसला तं वर्साचं पोट सडते त्याचं. भारे गोळा करून पुंजनं रचू दे त्याले. मंडईले तं येतेच ना तो."

मी मान हलवली. मान हलवायला काय लागतं.

त्या संध्याकाळी सहाला सवाल आला: बाई कशी? मी पाठवलं: ठीक.

कमल दारात उभी होती. तिला मोर्स येत नाही, पण माझी पाठ तिला वाचता येते. "गाडी काढा अन् जा," ती म्हणाली. "दोन तासांचा रस्ता. मी बसते बाईजवळ." मी म्हटलं, "बाईला शब्द दिलाय." "मोठे आले शब्द पाळणारे," ती म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशीही ठीक. तिसऱ्या दिवशी आमच्या गावचा शिंपी काही कामानं दरेकस्याकडं गेला होता. त्याला डोमाभाऊ स्टेशनाजवळ भेटला आणि शिंप्यानं बाईची जी हालत पाहिली होती ती सरळ सांगितली. संध्याकाळी यंत्र लावलं तर डोमाभाऊ सहाच्या आधीच येऊन बसलेला. त्यानं पाठवलं: शिंपी म्हणते बाईची तब्येत जास्त आहे. खरं काय?

भिंतीपलीकडून बाईचा श्वास ऐकू येत होता, पोत्यात धान भरताना येतो तसा. मी खटक्यावर बोट ठेवलं. बाईचा शब्द होता, त्याचं धान होतं, हे सगळं खरं. पण त्याखाली आणखी एक गोष्ट होती, जी मी आजवर कोणाला सांगितली नाही. वाईट बातमी देणाराचं तोंड मला जमत नाही. आयुष्यभर लोकांना हसवत आलो; ज्याच्यामुळं कोणाला रडू येईल असा माणूस मला व्हायचं नव्हतं. मी पाठवलं: शिंपी फेकतो. बाई ठीक.

'ठीक' पाठवताना बोट अडलं. अक्षर मोडलं. पुन्हा पाठवलं.

जुना माणूस समोरच्याच्या हातावरून ओळखतो, थंडीत बसलाय की जेवून बसलाय. डोमाभाऊ तर माझा खोकलासुद्धा खटक्यावरून ओळखायचा. ते मोडलेलं अक्षर त्याला ऐकू आलं असणार. पण त्यानं एवढंच पाठवलं: बरं. दोन दिवसांत पुंजणं रचून येतो.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून बाईनं एकच धरलं. "डोमा आला का?"

जिनं मला नको सांगू म्हटलं होतं, तीच. कमलनं पाणी पाजलं, तर घोट घेऊन, "डोमा आला का?" डॉक्टरांनी सुई दिली, तर डोळे उघडून, "आला का?" मी धावत यंत्राकडं गेलो, खटका बडवत सुटलो. पण सकाळचे नऊ वाजले होते. डोमाभाऊ बांधीत होता. आमची वेळ सहाची. जपानला ऐकू गेलं असेल, रशियाला गेलं असेल, दरेकस्याला नाही. स्टेशनाजवळच्या दुकानात फोन लावला तर घंटी वाजून वाजून थकली.

मग गाडी काढली. त्याच्या बांधीपर्यंत पोचलो तेव्हा तो पुंजण्यावर उभा होता, खालून कोणी भारे फेकत होतं, तो वर रचत होता. पुरुषभर उंच, सोन्यासारखं पुंजणं. मला पाहिलं आणि हातातला भारा खाली टाकला. मी गाडी वळवून उभी केली.

परतीच्या रस्त्यावर तो माझ्या मागं बसला होता. वारा इतका की बोललेलं ऐकू येत नव्हतं. सालेकशाच्या अलीकडं माझ्या खांद्यावर त्याचं बोट वाजायला लागलं. आखूड, लांब. बाई कशी? मी ॲक्सिलरेटर पिळला. पुन्हा, बाई कशी? माझे दोन्ही हात हँडलवर होते. मला उत्तर देता येत नव्हतं, आणि देता येत नव्हतं याचं बरं वाटत होतं. आमगाव गेलं, पुढचं फाटक गेलं, बोट वाजतच होतं. मग केव्हातरी ते थांबलं. कुठं थांबलं ते मला अजून नेमकं आठवतं. एका वळणावर, जिथं रस्त्याला लागून शिंगाड्याची बोडी, छोटं तळं, आहे. मी तो रस्ताच आता टाळतो.

अंगणात माणसं जमली होती. बाया आत, पुरुष बाहेर. म्हणजे झालं होतं. शेवटपर्यंत तेच विचारत होती, कमलनं मला हळूच सांगितलं.

बाईची माती उरकून आल्यावर लोक अंगणात बसले आणि मी, माझ्या जन्मजात रोगानं, सुरू झालो. बाई कशी हसत गेली. शेवटी कसं डोमाभाऊचं नाव घेतलं, म्हणाली, त्याचं धान घरात आलं ना, मग मी सुटली. चेहऱ्यावर कसं तेज आलं, खोलीत कसा चंदनाचा वास पसरला, अंगणातल्या गायीनं कसा दावणीत हंबरडा फोडला. म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. बाईच्या अंगणात गाय कधीच नव्हती. डोमाभाऊ भिंतीला टेकून बसला होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं, दुपट्टा झटकला, आणि उठून रात्रीच्या गाडीनं निघून गेला.

दोन दिवसांनी पाऊस आला. ज्यांची धानं बांधीत होती त्यांच्या लोंब्यांना तिथंच कोंब फुटले. डोमाभाऊचं पुंजणं उभं राहिलं. बाईचा अंदाज बरोबर होता, हे मी स्वतःला किती वेळा सांगितलं. त्याच धानाचे तांदूळ त्यानं पुढं कोणाकडून तरी आमच्याकडं पाठवले, पोतंभर, बारीक, सुवासाचे. कमलनं पोतं कोपऱ्यात ठेवलं. उन्हाळ्यात त्यात किडे झाले, तरी तिनं ते तांदूळ शिजवले नाहीत आणि टाकलेही नाहीत.

तो माझ्यावर रागावला असता तर मी काहीतरी रचलं असतं. भांडला असता तर दहा घरांना पुरेल एवढी भांडणाची गोष्ट केली असती. तसं काही झालं नाही. महिन्याभरानं एका संध्याकाळी सहाला तो यंत्रावर आला. तोच हात, स्वच्छ, एकसारखा. आलोय. ऐकू येतोस. थंडी आहे. नमस्ते. दुसऱ्या दिवशी, आलोय, ऐकू येतोस, थंडी आहे, नमस्ते. तीन वर्षं रोज. मोर्समध्ये प्रश्नचिन्ह असतं: डिट डिट डा डा डिट डिट. शेवटाला पाण्यात खडा टाकल्यासारखं. तीन वर्षांत डोमाभाऊकडून ते एकदाही आलं नाही. पाऊस आहे का, नाही. जेवलास का, नाही. विचारायचं आणि माझ्या बोटांचं उत्तर ऐकायचं, हे त्यानं सोडून दिलं. मंडईलाही तो गोरेगावला आला नाही. बाईचं घर बंद आहे. आला असता तर पाहुणा म्हणून आमच्याकडं उतरावं लागलं असतं.

मी गावात अजून फेकतो. लोक हसतात, कारण मी फेकतो हे त्यांना ठाऊक आहे. बिनतारी यंत्रावर एक बरं असतं, समोरचं तोंड दिसत नाही, असं मी पूर्वी म्हणायचो. आता कळतं, दिसलं असतं तर त्या संध्याकाळी माझ्यानं ते खोटं बोलणं झालं नसतं. कदाचित झालंही असतं. मी माझी खात्री देत नाही.

चार दिवसांमागं संध्याकाळी तो नेहमीसारखा आला. आलोय. ऐकू येतोस. ढग आहे. मी नमस्ते ऐकायला कान लावून बसलो. नमस्ते आलं नाही. यंत्रात नुसती खरखर. मग एकेक अक्षर सावकाश, जड भारा उचलावा तसं:

बाई शेवटी काय म्हणत होती?

मी खुर्चीतून अर्धा उठलो. अंगणातली ती गाय, तो चंदनाचा वास, ते तेज, सगळं तयार होतं. तीन वर्षं त्याच्यावर मी पॉलिशही केलं होतं. नवीन माणसाला सांगितलं तर अजूनही रडतो. डोमाभाऊ म्हातारा आहे, डोंगरात एकटा राहतो, त्याला हे कशाला, असंही वाटलं. बाईला वाटलं होतं तसंच. कमल दारात येऊन उभी राहिली होती.

मी पाठवलं: डोमा आला का. पहाटेपासून. शेवटपर्यंत हेच.

बोट कुठं अडलं नाही. अडावं असं वाटत होतं.

खरखर. मध्येच कोणी परदेशी घाईघाईनं कोणाला तरी बोलावत होता, तो गेला. पुन्हा खरखर. मग दरेकस्याहून एकच अक्षर आलं, डिट डा डिट. त्याचा अर्थ, मिळालं. पटलं किंवा माफ केलं असा त्याचा अर्थ नसतो. निरोप पोचला, एवढंच. त्यानंतर गेले चार दिवस सहाला मी बसतो तेव्हा सगळं जग बोलत असतं, दरेकसा बोलत नाही.

आज गोरेगावची मंडई आहे. रस्ता सकाळपासून भरलाय, दरेकस्याकडची माणसं घेऊन दुपारची एसटी यायची वेळ झालीय. कमलनं पाट धुतले, चूल पेटवली, आणि स्वयंपाकघरातून विचारलं, "भाऊचं ताट मांडू का?"

आयुष्यात मी कोणत्याच प्रश्नाला असं उत्तर दिलं नव्हतं. म्हटलं, "माहीत नाही."

तिनं मांडलं.